वाऱ्याकडची बाजू

विमान दिसलं तशी नेलिदाने तिसरा स्वेटर अंगात घातला, वर मेलेल्या नवऱ्याचा कोट चढवला आणि ती हँगरबाहेर आली. ऑगस्टपासून तिचं वजन बावीस किलोंनी उतरलं होतं. डॉक्टरने आजाराचं नाव सांगितलं, पुढचं सांगायचं टाळलं. विमान चालवणाऱ्या अन्सेल्मोला, तिच्या धाकट्या भावाला, यातलं काही ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर विमान विकून त्याने तिला ब्युनोस आयर्सला नेलं असतं. ती तर तिथेही वाचली नसती, शिवाय त्याचं विमानही गेलं असतं.

पातागोनियात वारा पाचवीला पुजलेला. लहान विमान टेकलं की दोघांनी धावत जायचं, पंखांखालच्या तिरक्या दांड्यांना लोंबकळायचं आणि त्याला हँगरपर्यंत आणायचं. वजनदार माणूस वाऱ्याकडच्या बाजूला, पंख उचलला जाऊ नये म्हणून. तीस वर्षं ती बाजू नेलिदाची होती.

"नेलिदाबाई, माझी कोकरं अंगी लागलेली दिसतात!" धावता धावता बार्तोलो खाटीक ओरडला. "आज फार माजलाय वारा. बाजू बदलू या का?"

तिने क्षणभर त्याच्या रुंद पाठीकडे पाहिलं. बदलली, तर तो का म्हणून विचारणार, आणि संध्याकाळपर्यंत गावभर होणार.

"तू तुझं पोट सांभाळ. पळ तिकडे."

विमान हँगरकडे वळलं. वारा मागून तिरका घुसला आणि तिच्या डोक्यावरचा पंख उचलला गेला. असं झालं की ती गुडघे दुमडून अंग सोडून द्यायची, पंख निमूट खाली यायचा. तिने गुडघे दुमडले. पंख आला नाही. तीच वर गेली. मग हात सुटले. बार्तोलोने बाजूला उडी मारली. पलीकडचा पंख मातीत मोडला आणि विमान सावकाश पाठीवर उलटलं.

अन्सेल्मो रांगत बाहेर आला. कपाळातून रक्त येत होतं.

"माझंच चुकलं. वळायच्या आधी थांबायला हवं होतं. नेलिदा, लागलं का गं?"

तिला उठवायला त्याने नेहमीचा जोर लावला. ती इतकी सहज वर आली की तोच मागे धडपडला. त्याने कोटावरून तिचा दंड चाचपला.

"कधीपासून?"

"ऑगस्ट."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"विमान विकलं असतंस."

"विकलंच असतं."

"पेट्रोल गळतंय!" बार्तोलो ओरडला. "लांब व्हा दोघं!"

अन्सेल्मो तिला उचलूनच चालू लागला. वारा समोरून होता. चार पावलांवर तो थांबला, वाऱ्याकडे पाठ करून झोत ओसरेपर्यंत उभा राहिला, आणि मग पुन्हा निघाला.