सत्तर फोटो आणि पंगतीचं वाढप

बनशंकरीतल्या स्मिताअक्कांच्या फराळाची वेबसाइट उघडायला किती वेळ लागायचा, ते मी सांगतो. मी शेजारीच राहतो. एकदा सकाळी फोनवर ती उघडायला बोट ठेवलं, बसनं शहराच्या दुसऱ्या टोकाला यशवंतपूरच्या बाजारात गेलो, रवा घेतला, दोन माणसांशी भांडलो आणि घरी आलो, तर अनारशाचा फोटो नुकता कुठे अर्धा उगवला होता.

वेबसाइट केली होती सुनेनं, यशश्रीनं. मुलगी पुण्याची, नोकरी महादेवपुऱ्यात. रविवारी दहाला दिवाळीची नोंदणी उघडणार होती आणि अक्कांनी बजावून ठेवलं होतं, "यंदा गिऱ्हाईक ताटकळलं तर हे बंद. आपला फोन बरा नि वही बरी." पोरीची दोन महिन्यांची मेहनत पणाला लागली होती.

शनिवारी दुपारी चकलीची चव बघायला गेलो (सहाच खाल्ल्या), तर सासू-सून लॅपटॉपपुढे.

"आई, तुम्हीच म्हणालात ना, कुठलाच पदार्थ मागे राहायला नको? म्हणून सगळ्यांना प्रीलोड लावलं. म्हणजे ब्राउजरला सांगितलं, हे आधी आण."

"मग?"

"सत्तर फोटो, व्हिडिओ, पडद्यावर वरून पडणाऱ्या पणत्या, सगळेच आधी! दारातच चेंगराचेंगरी."

"पणत्या कुणी सांगितल्या?"

"तुम्ही."

"सरी," असा कानडी होकार देत अक्कांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू पणत्या मीच मागितल्या होत्या.

"आता सगळंच लेझी करते. खाली सरकवलं तरच फोटो येईल."

"म्हणजे आल्या आल्या रिकामं ताट?" अक्का उसळल्या.

पंगतीत वाढण्यात अक्कांचा हात धरणारं कुणी नाही. गणपतीत मी घड्याळ लावून पाहिलंय: तीनशे माणसं, चार मिनिटं, आणि एका आजोबांना तर वरण मागायच्या आधीच दुसऱ्यांदा मिळालं होतं.

"यशू, जिलबी घेऊन पहिलं धावतं का कुणी? आधी मीठ, लिंबू, चटणी. मग वरणभात. माणूस भात कालवतोय, तोवर जिलबीवाला दाराआड उभा हवा. हाक मारली की हजर!"

यशश्री बघतच राहिली. "आई, परत सांगा. हळू."

मग दोघी बसल्या. मीठ-लिंबू म्हणजे पदार्थांची यादी, ती सगळ्यांत आधी. वरणभात म्हणजे चकलीचा एकच मोठा फोटो. प्रीलोड फक्त त्याला. बाकीचे फोटो लेझी, पुढ्यात आले की वाढायचे. जिलबीवाला म्हणजे नोंदणीचा फॉर्म. लोक यादी वाचत असताना तो गुपचूप मागवून ठेवायचा. याला प्रीफेच म्हणतात म्हणे.

"आणि पणत्या?" यशश्रीनं विचारलं.

"विड्यासारख्या. सगळं झाल्यावर."

रविवारी दहाच्या ठोक्याला महादेवपुऱ्यातून पहिली ऑर्डर आली. त्या गृहस्थाचं म्हणणं, त्यानं बोट लावलंच नव्हतं, नुसतं मनात आणलं होतं. दहा वाजून अकरा मिनिटांनी अक्का किंचाळल्या, "यशू, चारशे किलो चकल्या! तळणार कोण?"

"मग काय अक्का," मी विचारलं, "करायची ना वेबसाइट बंद?"

"बंद कशाला? अण्णा, तुम्ही मध्ये बोलू नका." आणि सुनेच्या हातात सोऱ्या देत म्हणाल्या, "फक्त हिला स्वल्प हळू करता येते का, तेवढं बघ गं."

यशश्री हसता हसता जमिनीवरच बसली. मला भाजणी मळायला बसवलं. त्या चकल्या इतक्या हलक्या झाल्या, की पंखा लावला तेव्हा अर्धा डबा छताला जाऊन चिकटला.