पहिला घाणा

“मावशी! ओ मावशी, घर हिकडं हाय की!”

मी दारातून हाक मारली, पण प्रेमामावशी थांबल्या नाहीत. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर महिला मंडळाची ती काळीकुट्ट लोखंडी कढई आणि काखेत झारा. कालच आम्ही दारावर नाताळची चांदणी टांगली होती. तिच्यासमोरून त्या सरळ पुढे निघून गेल्या.

“कानानं कमी ऐकतीया आता,” सासूबाई आतून म्हणाल्या. “जा, वळवून आण म्हातारीला.”

प्रेमामावशींच्या कानाला काही झालेलं नाही. चर्चमध्ये मागच्या बाकावर कुणी चॉकलेटचा कागद उघडला तरी त्या मान वळवतात.

उमरग्यात आमची ख्रिस्ती मंडळी लहान. नाताळ जवळ आला की बायका एकेकीच्या घरी जमतात आणि करंज्या करतात. लाटायला एक, भरायला दुसरी, मुरड घालायला तिसरी. करंजी हे एकटीचं काम नव्हेच. ही कढई घरोघर फिरते. पण पहिला घाणा निघतो तो त्या वर्षी मंडळीत पहिलं बाळ जिथं जन्मलं त्या घरी. बाळाची आई पहिली करंजी तेलात सोडते आणि बाळाचं नाव घेते. मग सगळ्याजणी तिच्यामागून तेच नाव घेतात. ही रीत कुठून आली कुणाला ठाऊक नाही. शास्त्रात तर नाहीच. पाळकसाहेब हसतात आणि करंजी खातात.

यंदा तो मान आमचा, असं सगळ्यांनी धरलं होतं. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर माझा योहान झाला. या सहा वर्षांत दुसऱ्यांच्या बाळांची नावं मी किती वेळा घेतली असतील! सासूबाईंनी सोलापूरच्या नणंदेलाही फोन करून सांगितलं होतं, “औंदा कढई आपल्याकडं.” रवा-मैदा भिजवून ओल्या फडक्याखाली ठेवलेला होता. सारणाची परात भरलेली. खोबऱ्याचा, खसखशीचा, वेलदोड्यांचा वास घरभर. चार-पाच बायका येऊन पाटावर बसल्यासुद्धा होत्या.

मी तशीच अनवाणी मावशींच्या मागे गेले.

गल्लीच्या टोकाला, हायवेवरच्या टायरच्या दुकानाला पाठ लावून शेवटचं घर आहे. तिथं मावशी थांबल्या. कढई उतरवून त्यांनी उंबऱ्यापाशी ठेवली, तशी ती ठण्णकन वाजली. निकिता बाहेर आली. हातात अर्धवट घासलेलं पातेलं, केस कसेतरी बांधलेले.

“चुकलाव मावशी,” ती म्हणाली. “दीपाताईचं घर मागं ऱ्हायलं.”

“चुकली न्हाय. अंगणात तीन दगड मांड.”

निकितानं कढईकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माझी मान आपोआप खाली गेली.

आम्ही दोघी एकाच वेळी पोटुशी होतो. तिचे दिवस माझ्याआधी भरणार होते. दुपारी तिच्याच अंगणात बसून आम्ही चिंचा खाल्ल्या होत्या आणि एका जुन्या लुगड्याची दोन दुपटी शिवली होती. एप्रिलमध्ये तिला मुलगी झाली. ती एक रात्र जगली. त्यानंतर सासूबाईंनी मला त्या दारावरून जाऊ दिलं नाही. आपल्यात शकुन-अपशकुन मानत नाहीत, असं म्हणायचं, आणि तरी जाऊ द्यायचं नाही. जूनमध्ये योहान झाला. तेव्हापासून निकिता चर्चमध्ये दुसऱ्या बाजूच्या बाकावर बसते, आणि मी गीतांच्या पुस्तकात डोकं घालते.

“मावशी, मला न्हाय जमायचं,” निकिता म्हणाली. “माझ्याकडं पीठबी न्हाय भिजवलेलं. आन् मला काय लेकरू हाय का, पहिला घाणा काढायला?”

“झालं व्हतं का न्हाय?”

निकिता पातेल्याची कड अंगठ्यानं घासू लागली.

“म्या इचारते, झालं व्हतं का न्हाय?”

तेवढ्यात योहानला खांद्यावर टाकून सासूबाई आल्या. मागोमाग जमलेल्या बायका. कुणाच्या हातात पोळपाट, कुणाच्या बोटांना अजून पीठ.

“प्रेमाबाई, हे काय चालवलंय तुमी?” सासूबाईंचा आवाज चढला. “मयत झालेलं घर हाय हे. वरीस व्हायच्या आत तळण लावत्यात का कुठं? इचारा कुणालाबी.”

“मयत झालं म्हनतीस?” प्रेमामावशींनी शांतपणे कंबरेला पदर खोचला. “मंग जन्मबी झाला आसंल की, कमल. तवा तर तूच हिला सांगत व्हतीस, मनात धरू नगं, झालंच न्हाय आसं समज. आता एक कायतरी धर. झालंच नसंल तर मयत कुणाचं? आन् मयत आसंल, तर पहिलं बाळ हिचं.”

सासूबाईंनी रडत नसलेल्या योहानला थोपटायला सुरुवात केली.

प्रेमामावशी भरल्या तारुण्यात विधवा झाल्या. पदरी लेकरू नाही. बाळंतपणाच्या दवाखान्यात आया म्हणून उभं आयुष्य काढलं. आमच्या गल्लीतल्या निम्म्याअधिक पोरांच्या अंगावर पहिलं पाणी त्यांच्या हातचं पडलेलं. पोरं मोठी होतात, मोटारसायकली उडवत जातात, आणि मावशी ओट्यावरून ओरडतात, “हळू रं! तुझं डोस्कं म्या धरलंय, लई मऊ हाय ते!” वर्षभर कढई त्यांच्याच घरी असते. घासतात त्या, तेल लावून ठेवतात त्या. पण त्यांच्या स्वतःच्या अंगणात ती कधी पहिल्या घाण्यासाठी चढली नाही. कधी चढायची! त्याबद्दल त्या बोलल्याचं कुणाला आठवत नाही.

आता त्या निकिताच्या उंबऱ्यावर बसल्या. गुडघ्यावर हात ठेवून, जरा खालच्या आवाजात म्हणाल्या,

“तिला आंघोळ म्याच घातली. तुला सलाईन लावलेलं, तुला सुद न्हवती. पानी कोमट केलं. केस व्हते डोस्कीला, लई, काळेभोर. मूठ उघडंना. म्या बोट घातलं तर माझंच बोट धरून बसली.”

पातेलं निकिताच्या हातातून कधी खाली आलं ते कळलं नाही.

“तुमी कधी सांगितलं न्हाय मला.”

“तू इचारलं न्हाईस. आन् ह्या बायांनी कुणाला इचारू दिलं न्हाय. दवाखाना सुटला माझा, सांगायचं कुठं? म्हनलं, कढई निघंल तवा सांगू.”

भिंतीपलीकडं टायर ठोकल्याचा आवाज तेवढा येत राहिला. माझ्या डोक्यात काय काय चाललं होतं! सहा वर्षं. नणंदेला केलेला फोन. फडक्याखालचं पीठ. आज पहिलं नाव योहानचं घेतलं जाईल म्हणून रात्री मला झोप लागली नव्हती. तरी माझे पाय घराकडं वळले होते. आत जाऊन मी सारणाची परात उचलली, तिच्यावर पिठाचा गोळा ठेवला, तेलाचा डबा दुसऱ्या हातात घेतला आणि बाहेर आले. माझ्या मागोमाग आलेल्या सासूबाई आमच्या ओट्यावर उभ्या होत्या.

“अगं, ते आपल्या घरचं सामान हाय.”

“व्हय आत्या. पोळपाट तेवढं तुमी आणा.”

त्या आणतील असं मला वाटलं नव्हतं.

आम्ही अंगणात तीन दगड मांडले. निकिताचा नवरा सोमेश गॅरेजवर गेलेला. नाहीतर लाकडं फोडायला तोच मिळाला असता. या वयात मावशींनीच कुऱ्हाड मागितली तेव्हा सगळ्याजणी हसल्या आणि ते हसू बाहेर आल्यावर अंगण जरा मोकळं झालं. निकिता मात्र भिंतीला टेकून उभीच होती. मी तिच्याजवळ गेले.

“मुरड तुलाच घालावी लागंल,” मी म्हटलं. “माझी उकलते तेलात, तुला ठाऊक हाय.”

“उकलते कशी?” मागून आवाज आला. सासूबाई पोळपाट-लाटणं घेऊन आल्या होत्या, योहान काखोटीला. कुणाकडं न बघता त्या पाटावर बसल्या आणि मी शेजारी टेकताच त्याला माझ्या मांडीवर दिलं. “तुझी मुरड म्हंजी बैलाचा कासरा. करंजी हाय का पोतं शिवतीयास!”

निकिता हसली नाही. पण हात धुऊन आली आणि माझ्या शेजारी बसली. योहानकडं तिनं पाहिलं नाही. मी त्याला पदराखाली घेतलं, मग वाटलं, लपवायचं तरी कशाला, म्हणून पुन्हा बाहेर काढलं. त्यानं पिठाच्या गोळ्याकडं झेप घेतली. निकितानं गोळा थोडा बाजूला सरकवला, एवढंच. तिची बोटं चालू लागली. चिमूट, दुमड, चिमूट, दुमड. कडेला वेणी उमटत गेली.

तेल तापलं. पहिल्या घाण्याआधी प्रार्थना असते. सगळ्यांनी डोळे मिटले, प्रेमामावशी सोडून. डोळे मिटून प्रार्थना केली की तेल पेटतं, असं त्यांचं म्हणणं. कढईकडं बघतच त्या म्हणाल्या,

“बापा, ह्या घरात लेक आली व्हती. तुला ठावं हाय. आता आमालाबी ठावं हाय. आमेन.”

इतकीच. एरवी मावशींची प्रार्थना पाळकांनासुद्धा घड्याळ बघायला लावते.

निकिताच्या तळहातावर करंजी होती. ती कढईजवळ गेली आणि तिथंच थांबली.

“नाव न्हाय ठेवलेलं, मावशी. बाप्तिस्मा न्हाय झाला तिचा. दवाखान्याच्या कागदावर नुसतं ‘निकिताची मुलगी’ लिवलंय.”

“मनात काय ठेवलं व्हतंस?”

“पन पाळकसाहेब…”

“घाण्याला पाळकाची सही लागत न्हाय. तेल तापून चाललंय, बोल.”

निकितानं ओठ हलवले आणि करंजी सोडली. तेल चर्रर्र झालं. आम्हाला कुणालाच काही ऐकू आलं नाही.

“काय?” मावशींनी कानाला हात लावला. “म्हातारी झाले बाई, कमी ऐकते आता.”

“आरोही,” निकिता म्हणाली. आणि मग, गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा, “आरोही!”

रीतीप्रमाणे आम्ही सगळ्यांनी म्हणायचं होतं. पण नव्या नावाला आधी जिभेवर जागा करावी लागते. मग माझ्या आवाजात आणखी दोघींचा मिसळला, मग सगळ्यांचा. आरोही. सासूबाईंचे ओठ हलले की नाही, मला दिसलं नाही. त्या खाली मान घालून लाटत होत्या.

करंजी तळाशी गेली होती, ती हळूहळू वर आली. एका बाजूनं फुगली. आम्ही सगळ्याजणी तिच्याकडं अशा बघत होतो, की झारा घ्यायचं कुणाला सुचलंच नाही.

“बघताय काय नुसतं?” सासूबाई खेकसल्या. “आरोहीची करंजी पलटा की. करपल ती!”

निकितानं वळून त्यांच्याकडं पाहिलं. सासूबाईंनी लाटणं जोरात फिरवलं, आणि पुरी एवढी पातळ झाली की मोडून पुन्हा गोळा करावा लागला. निकितानं करंजी पलटली. मग ती रडली. कढईपासून बाजूला होऊन, भिंतीकडं तोंड करून, बराच वेळ. तिला कुणी उगी केलं नाही. मावशींनी दुसरी करंजी सोडली, मग तिसरी. निकिता परत आली तेव्हा मावशींनी झारा तिच्या हातात दिला, आणि पुढचे सगळे घाणे तिनंच काढले.

पहिली करंजी मोडून तिचा कण बाळाच्या जिभेला लावायचा असतो. ती करंजी आम्ही कुणी मोडली नाही. निकितानं ती एका वाटीत ठेवली, वर दुसरी वाटी झाकली आणि घरात फळीवर नेऊन ठेवली. तिथं एक दुपटं घडी घालून ठेवलेलं होतं. माझ्याकडं त्याच लुगड्याचं आहे. धुऊन धुऊन विरलेलं. तिच्या दुपट्याचा रंग अजून जसाच्या तसा होता.

ऊन कलायला लागलं तशी कढई रिकामी केली. आता ती दुसऱ्या घरी जाणार, म्हणजे आमच्या. पहिल्या घरच्या आईनं ती पोचवायची असते. मावशींनी चुंबळ पुढं केली.

“नगं,” निकिता म्हणाली.

तिनं वाकून दोन्ही कानांना धरून कढई उचलली. जड होती. जरा झोक गेला, मग तिनं ती कमरेवर घेतली, एक हात खालून घातला. माझ्या कडेवर योहान होता. आम्ही दोघी गल्लीतून चालू लागलो. पुढं सासूबाई पोळपाट घेऊन, मागं मावशी, रिकाम्या डोक्यानं, चुंबळ हातात झुलवत. टायरच्या दुकानातली माणसं मान वर करून बघत होती. मध्येच निकितानं कढई हलकेच वर सरकवली आणि कमरेवर नीट बसवली. मी योहानला करते तसंच.

तिच्या पिवळ्या साडीवर काजळीचा मोठा डाग उमटला होता.

“साडी काळी व्हायली गं,” मी म्हटलं. “मधी फडकं लाव. थांब, देते.”

“ऱ्हाऊ दे, दीपाताई,” ती म्हणाली. “ऊब हाय अजून.”