क्लासचा ब्लेझर

"सरळ बस. चिमटा सुटी जाई." हेमकांत सरांनी दीपमालाच्या पाठीशी ब्लेझर आवळून चौथा चिमटा लावला. कपडे वाळत घालायचाच, निळा.

शहाद्याच्या त्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ब्लेझर एकच, तोही पुरुषी मापाचा. ज्याची ऑनलाइन मुलाखत त्याने घालायचा. कॉलरला आधीच्यांच्या पावडरीचा वास येत होता आणि दीपमालाचं डोकं त्या वासानेच तापलं होतं. बायोडेटाही सरांनी बनवलेला. त्यात ती तीन वर्षं पुण्याच्या कंपनीत होती. खरी तीन वर्षं गेली लोणखेड्याच्या जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात. कापसाच्या गाड्या उन्हात ताटकळू नयेत म्हणून त्यांना नंबर लावणारा प्रोग्रॅम तिने स्वतः लिहिला होता. "कापूसनं काही लिखू नको, हसतीन लोके," असं सर म्हणाले आणि हिने मूर्खासारखी मान डोलावली. ही नोकरी हुकली तर सीझन संपल्यावर घरी बसायचं, आणि घरी बसलेल्या मुलीचं काय करायचं ते वडिलांनी केव्हाच ठरवून ठेवलं होतं.

पडद्यावरच्या माणसाने विचारलं, "काल कामावर काय केलंत, एवढंच सांगा."

काल दोन गाड्यांना एकच नंबर गेला होता. गाडीवाले एकमेकांच्या अंगावर धावले. तिने तासाभरात चूक शोधून काढली, दुरुस्त केली. सगळं ओठांवर होतं, पण कागदावर पुणं होतं.

"मी एका मोठ्या प्रकल्पात..." तिने सरांनी घोकून घेतलेलं उत्तर सुरू केलं.

"थांबा. हेच वाक्य या आठवड्यात तिसऱ्यांदा ऐकतोय." पडदा काळा झाला.

"पाठांतर कच्चं शे तुन्हं," सर म्हणाले.

"पाठांतर पक्कं व्हतं सर. तेन्हीच घात करा."

"तोंड वर करी बोलू नको." सर मागच्या बाकावर थांबलेल्या मुलीकडे वळले. "काजल, ये. तुन्ही दुसरी कंपनी शे."

ब्लेझर खिडकीतून भिरकावावा असं दीपमालाला फार वाटलं. पण काजल हात पुढे करून उभी होती. दीपमालाने तो काढून तिच्या अंगावर चढवला आणि मागून चिमटे लावू लागली.

"ताई, काय इचारतस?" काजल कुजबुजली.

"काल तू काय काम करं?"

"भाऊना दुकानमा मोबाईल दुरुस्त करात."

"तेच सांगजो."

काजलने सरांकडे पाहिलं, मग खाली मान घातली.

दीपमाला जिन्यात पोचली तोवर आतून काजलचा आवाज आला, स्वच्छ, घोकलेला. "मी एका मोठ्या प्रकल्पात..."

चौथा चिमटा तिच्या मुठीतच राहिला होता. तो घेऊनच ती लोणखेड्याला कामावर गेली.