वरचा थर

घमेलं ढिगाऱ्यावर उपडं होणार एवढ्यात बाईंनी त्याची कड धरली. विद्यार्थी दचकला. बाईंनी मातीत बोटं घालून पत्र्याचा एक वाकडा तुकडा बाहेर काढला, त्यावर फुंकर मारली आणि त्याच्या नाकासमोर धरला.

"हे काय आहे?"

"डब्याचं झाकण, मॅडम. अलीकडचं आहे."

"अलीकडचं म्हणजे कधीचं?"

"म्हणजे... जुनं नाही."

"उद्या तुझ्या घरात कुणी शिरलं आणि सगळं अलीकडचंच आहे म्हणून रस्त्यावर फेकलं, तर चालेल तुला?"

तो ओशाळून हसला. बाई हसल्या नाहीत. सकाळपासून अशी किती घमेली गेली, हे विचारायचा त्यांना धीर होत नव्हता. त्या कचेरीत सह्या करायला गेल्या होत्या. तेवढ्या दोन तासांत विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाचे प्रमुख येऊन हुकूम सोडून गेले होते: वरची वीतभर माती न चाळता उडवा, शनिवारी पाहुणे आहेत, तोवर खालची दोन हजार वर्षांपूर्वीची फरसबंदी दिसली पाहिजे. मातीचा कणही चाळल्याशिवाय टाकायचा नाही, खणायच्या चौकोनाभोवतीच्या दोरीच्या आत विचारल्याशिवाय पाय टाकायचा नाही, हे तीन आठवडे बाईंनी घसा कोरडा करून शिकवलं होतं. मुलांनी ते वहीत सुंदर अक्षरात उतरवलंही होतं. आणि साहेबांनी एक आवाज दिल्याबरोबर कुदळी उचलून निम्मा चौकोन सोलून काढला होता.

कुंपणापलीकडे आजी बसल्या होत्या. त्या रोज येत. खणणं चाललं होतं त्या टेकाडावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मूळ लोकांपैकी त्या एक. चाळीस वर्षांपूर्वी एका सकाळी सरकारी माणसं आली, त्यांनी घरं पेटवली आणि सगळ्यांना कालव्यापलीकडच्या पत्र्याच्या खोल्यांत नेऊन टाकलं. तेव्हा आजी तेवीस वर्षांच्या होत्या. आता जमीन परत मिळावी म्हणून त्यांचा दावा चालू होता आणि पुढच्या महिन्यात सुनावणी होती. सरकारचं म्हणणं एका ओळीचं होतं: इथे अलीकडे कुणी राहतच नव्हतं, त्यामुळे उठवण्याचा प्रश्नच येत नाही. पुरावा म्हणून जोडला होता तो विद्यापीठाचाच, एकतीस वर्षांपूर्वीच्या उत्खननाचा अहवाल. बाकीचं टेकाड त्या उत्खननातच संपलं होतं. हा एक कोपरा उरला होता, आणि तोही आता घमेल्यातून चालला होता.

बाई तडक तंबूत गेल्या. विभागप्रमुख पाहुण्यांच्या खुर्च्या कुठे मांडायच्या ते एका कागदावर आखत होते.

"सर, माती न चाळता काढायला तुम्ही सांगितलंत?"

"मग काय झालं? वर आहे काय? खिळे, बाटल्या, पत्रे. ते काय पुरातत्त्व आहे का?"

"किती वर्षं झाली की होतं, ते सांगा. मी थांबते तेवढी. बाहेर आजी बसल्या आहेत, त्या थांबतील का ते तुम्ही विचारून या."

"हे बघा, तुम्ही शिक्षिका आहात, वकील नाही. आपल्याच विभागाचा अहवाल आहे तो. खोटा म्हणायचाय का तुम्हाला?"

"खोटा नाही. अर्धा आहे."

विभागप्रमुखांनी पेनाला टोपण लावलं. त्यांचा आवाज आणखी मऊ झाला, आणि त्याचाच बाईंना जास्त राग आला.

"शनिवारी फरसबंदी दिसू दे. नाही दिसली, तर पुढच्या वर्षी मुलांना इथे कुणी दुसरं घेऊन येईल."

ते जीपमध्ये बसून निघून गेले. बाई चौकोनापाशी आल्या. एखाद्याचं घर जाळायचं, मग जळालेलं घर कचरा म्हणून खरवडून टाकायचं आणि शेवटी त्यालाच विचारायचं, तुझं घर कुठे होतं ते दाखव. या सगळ्याला शास्त्र म्हणायचं, वर खुर्च्या मांडायच्या.

"कुदळी खाली," त्या म्हणाल्या. "चाळण्या आणा. सकाळपासूनचा सगळा ढीग चाळायचा."

वर्गात एक उंच मुलगी होती. तिचं प्रत्येक वाक्य 'पण मॅडम'नेच सुरू होई, म्हणून सगळे तिला पणमॅडमच म्हणत. तिने चाळणी उचलली नाही.

"पण मॅडम, ढिगातली वस्तू नेमकी कुठून आली ते आता सांगता येणार नाही. मग ती सुनावणीत चालेल?"

"नाही चालणार."

"मग चाळायचं कशाला?"

"फेकली आपण म्हणून."

ढिगातून एक बिजागरी निघाली, पाटीच्या चौकटीचा कोपरा निघाला, बांगडीचे दोन तुकडे निघाले. न सोललेल्या निम्म्या भागात बाई स्वतः बसल्या. त्यांनी पणमॅडमला शेजारी घेतलं आणि थापीने नखभर नखभर माती काढायला सुरुवात केली. दुपारपर्यंत काळी माती लागली. तिच्या कडेने मुठीएवढ्या दगडांची एक ओळ दिसू लागली, मध्ये हातभर तुटलेली.

आजी कुंपणापाशी उठून उभ्या राहिल्या. कुणीतरी फाटक उघडलं. त्या हळूहळू दोरीपाशी आल्या आणि ओळीकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला.

"वकिलांनी दिलाय. सरकारने हाच लावलाय म्हणे. यात आमचं घर का दिसत नाही, ते मला कुणीतरी समजावून सांगा."

तो जुन्या अहवालातला, खड्ड्याच्या भिंतीचा छेद होता, थरावर थर दाखवणारं शाईचं रेखाटन. पणमॅडमने वाकून पाहिलं.

"मॅडम, हा तर आपल्या वर्गातला!"

सगळे गोळा झाले. विभागाच्या चित्रकक्षात काचेच्या चौकटीत हे रेखाटन वर्षानुवर्षं टांगलेलं होतं. छेद कसा काढावा याचा नमुना म्हणून पहिल्या वर्षाची सगळी मुलं ते गिरवत. वरची रेघ किंचित वाकडी आली म्हणून पणमॅडमचे दोन गुण गेले होते.

"पण चौकटीत ही ओळ दिसत नाही," ती म्हणाली. रेघेच्या वर, कागदाच्या अगदी कडेला, बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं. चौकटीच्या पुठ्ठ्याखाली ते झाकलं जात असे.

"काय लिहिलंय?" आजींनी विचारलं. "वकील म्हणतात, तीच ओळ आपल्याला नडते."

बाईंनी कागद हातात घेतला. वाचायला त्यांना चष्मा लागला नाही.

"या पातळीच्या वर अलीकडचा कचरा. नोंद न घेता काढून टाकला."

"कचरा," आजी म्हणाल्या. "नऊ वर्षं झाली होती तेव्हा जाळून. राख तरी असेल की."

"कोण होता हा माणूस?" पणमॅडमचा आवाज चढला. "बक्षीस द्यायच्या लायकीची रेघ मारलीय आणि समोरची राख दिसली नाही?"

"दिसली होती," बाई म्हणाल्या. "काळीभोर होती. खरवडून काढायला चार दिवस लागले. नखांतून निघत नव्हती."

पणमॅडमने कागदावरून मान वर केली.

"तेव्हाचे सर म्हणाले खाली चला, आम्ही खाली गेलो." बाईंनी कागदावरच्या त्या अक्षरांवर बोट ठेवलं. "आम्ही नाही. मी. एकोणीस वर्षांची होते. बक्षीसही मिळालं."

तंबूत विभागप्रमुखांना सुनावताना आलेला सगळा संताप अजून अंगात होता. तो आता दुसऱ्या कुणावर काढता येणार नव्हता. मघाच्या मुलाने हातातलं घमेलं आवाज न करता खाली ठेवलं.

आजींनी कागद परत घेतला, प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळला.

"हे सुनावणीत सांगाल? जजसाहेबांसमोर?"

"सांगेन. ओळ माझी आहे, हेही सांगेन."

आजींनी चपला काढल्या, दोरी उचलली आणि दगडांच्या ओळीतल्या त्या तुटलेल्या जागेतून काळ्या मातीवर जाऊन उभ्या राहिल्या. दोरीच्या आत विचारल्याशिवाय पाय टाकायचा नाही, हे त्यांना कुणीच सांगितलं नाही.

टेप आणि नोंदवही घेऊन बाई समोरून दोरी ओलांडायला पुढे झाल्या.

"तिथून नको," आजी म्हणाल्या. "तिथे भिंत आहे."

बाईंनी उचललेला पाय मागे घेतला. चौकोनाला वळसा घालून त्या पलीकडे आल्या, चपला काढल्या आणि त्या हातभर जागेसमोर थांबल्या.

"येऊ का आत?"