कप्तानाचं गळकं जाकीट

पावसात पाणी न धरणारं जाकीट हवं असेल, तर लोक तिच्या लाँड्रीत येत. सायकलवाले, मोटारसायकलवाले, डोंगर चढणारे, सगळे. नवं घेतलेलं जाकीट वर्ष-दोन वर्षांत पाणी प्यायला लागतं आणि मालकाला वाटतं, झालं, गेलं हे कामातून. ते कामातून गेलेलं नसतं. कापडाच्या वरच्या अंगाला पातळसा थर दिलेला असतो. त्यावर घामाचा, धुळीचा, तेलाचा लेप बसतो, आणि थेंब घरंगळून जायचे सोडून तिथेच मुक्काम ठोकतात. तो लेप काढायचा, नवा थर द्यायचा, बेताची ऊब द्यायची, की जाकीट पुन्हा माणसात येतं. हे काम आसपास तिच्याइतकं नेटकं कुणाला जमत नव्हतं, आणि ते तिलाही चांगलं ठाऊक होतं.

एकाच जाकिटाच्या नशिबी हे सुख नव्हतं. ते तिच्या नवऱ्याचं होतं.

लिंबासारखं पिवळं, घडी केली की मुठीत मावेल एवढं हलकं जाकीट. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा, पण रविवारी सकाळी सायकलवाल्यांचा अख्खा जथा त्याच्यामागे निघायचा, म्हणून सगळे त्याला कप्तान म्हणत. तीही मनातल्या मनात कप्तानच म्हणे. तोंडावर मात्र 'अहो'.

तर हे कप्तानाचं जाकीट धुवायला आलं, की ती मशीनच्या खणात झाकणभर सॉफ्टनर ओतायची. टॉवेल मऊ करायला, सुगंध यायला लोक घालतात ते. असल्या जाकिटाला ते म्हणजे विष. त्याचा मेणचट लेप कापडावर बसतो आणि कापड फडक्यासारखं पाणी शोषायला लागतं. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. तिच्या दुकानात मशीनच्या वरच पाटी होती: 'पावसाळी कपड्यांना सॉफ्टनर घालू नये.' नवऱ्याचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून ती त्याच्याकडूनच लिहून घेतलेली. त्या पाटीखाली उभी राहून ती बाटली उघडायची.

वेड लागलं नव्हतं तिला. मागच्या वर्षी खिंडीच्या उतारावर, ओल्या रस्त्यावर कप्तानाची सायकल घसरली. खुबा मोडला, खांद्याजवळचं हाड मोडलं. दवाखान्यात, धड कूसही बदलता येत नसताना तो तिला म्हणाला, "एक शब्द दे. सायकल सोडा, असं मला कधी म्हणू नकोस." तेव्हा त्याने घर मागितलं असतं तरी तिने दिलं असतं. तिने शब्द दिला. बरा होऊन तो पुन्हा सायकलवर बसला आणि जथ्यात मिरवू लागला, "तुमच्या बायका कटकट करतात. आमची कधी नाही म्हणत नाही." हे तिच्या कानावर आलं तेव्हा तिला बरंही वाटलं आणि दिलेला शब्द टोचलाही. तोंडाने म्हणता येत नव्हतं, ते मग ती झाकणाने म्हणू लागली.

उपाय लागू पडला. पाऊस असला की जाकिटाचे खांदे काळवंडायचे, कापड अंगाला चिकटायचं, आणि कप्तान खिंडीच्या पायथ्याशीच मागे वळायचा. "जाकीट साथ देत नाही राव," असं मित्रांना सांगून घरी. मग ते ओलं जाकीट न्हाणीघरातल्या खुंटीला अडकवून तिला म्हणायचा, "बघ जरा, याचं काही होतंय का." ती म्हणायची, "बघते." आणि झाकणभर बघायची. नवं जाकीट घेऊ, असं तो एकदाही म्हणाला नाही. तिला वाटायचं, चिक्कू आहे, दुसरं काय.

काउंटरवर तिची नणंद बसायची. जिभेला हाड नव्हतं, पण नजर पक्की. तिने एकदा ती बाटली पाहिलीच.

"वहिनी, ते दादाचं जाकीट ना?"

"हो."

"आणि ते सॉफ्टनर ना?"

"हो."

नणंदेने पाटीकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं आणि पावत्या लावायला बसली. एवढ्यावरून तिने सगळं ओळखलं. भावाच्या हाडांचे फोटो तिनेही पाहिले होते.

असं सगळं सुरळीत चाललं असतं. पण जथ्यात एक दातांचा डॉक्टर होता, वयाने लहान, बोलायला तिखट. एका रविवारी पायथ्याशी कप्तानाने ब्रेक दाबला तसा तो म्हणाला, "काय कप्तान, आजही जाकीट रडतंय? वहिनी आमची जाकिटं कोरडी ठेवतात आणि घरच्याचंच ओलं?" सगळे हसले. कप्तानाने ब्रेक सोडला. तो वळला नाही. चढला.

दुपारी तो घरी आला तेव्हा ओठ निळे पडले होते. हेल्मेटचा पट्टा त्याला सोडवता येईना. बोटं वळतच नव्हती. तिने पुढे होऊन पट्टा सोडवला. त्याची हनुवटी तिच्या हाताला बर्फासारखी लागली.

"बोटं गेली होती उतारावर," तो म्हणाला. "ब्रेक दाबतोय की नाही, तेच कळेना. चहा टाकतेस?"

तिने चहा टाकला. इतके दिवस तिने फक्त परत येणारा नवरा पाहिला होता. पुढे जाणारा, चिंब भिजलेला, बोटं बधिर झालेली, उतारावर एकटा, हा नवरा तिच्या हिशेबातच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने नणंदेला सांगितलं. नणंद एरवी दहा शब्दांच्या जागी शंभर बोलणारी. आज एकच वाक्य बोलली.

"त्याला घरी आणायला म्हणून तू त्याचे ब्रेकच काढून घेतलेस, वहिनी."

दुपारी गिऱ्हाईक नसताना तिने काम काढलं. आधी मशीनचा खणच बाहेर ओढला आणि कोपऱ्याकोपऱ्यातला चिकट थर दात घासायच्या जुन्या ब्रशने घासून काढला. मग जाकिटाच्या चेन लावल्या, मनगटाचे पट्टे सैल केले, आणि खास अशा कपड्यांसाठीचं साधं, बिनवासाचं द्रव घालून ते हलक्या फेऱ्यावर धुतलं. पुन्हा पुन्हा खळबळलं. पाण्यावर फेसाचा टिपूस राहिला नाही, तेव्हा ओलंच हँगरला टांगून त्यावर बाहेरून फवारा मारला. खांदे, पाठ, कोपरापुढच्या बाह्या आणि शिवणी, जिथे पाऊस आधी घुसतो तिथे सढळ हाताने. ओघळ आले ते ओलसर फडक्याने टिपले, नाहीतर डाग पडतात. मग मंद उबेवर ड्रायरमध्ये.

बाहेर काढून तिने चमच्याने खांद्यावर पाणी सोडलं. थेंब क्षणभर थांबला आणि आत जिरला. कापडावर काळा ठिपका उमटला.

एवढं सॉफ्टनर मुरलेलं ते, एका धुण्यात थोडंच जाणार होतं. दुसऱ्या गिऱ्हाइकाला तिने सांगितलं असतं की एवढंच होईल, बाबा. तिने चेन पुन्हा लावली आणि सगळं पहिल्यापासून केलं.

दुसऱ्या खेपेला थेंब फुगून उभा राहिला, डुलला आणि घरंगळून फरशीवर पडला. तिने आणखी एक सोडला, आणखी एक. सगळे घरंगळले. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

रविवारी सकाळी रिमझिम होती. ती दोघं दुकानाच्या वरच राहत. खाली जथा जमू लागला होता, घंट्या ऐकू येत होत्या. तिने जाकीट नवऱ्याच्या हातात दिलं. त्याने बाही नळाखाली धरली. पाणी बाहीला न शिवता निघून गेलं. त्याने नळ बंद केला आणि जाकीट तसंच हातात धरून ठेवलं. तिला वाटलं होतं, खूश होईल.

"अहो, एक सांगायचंय," ती म्हणाली. "ते जुनं झालं नव्हतं. मीच त्यात सॉफ्टनर घालत होते. तुम्ही भिजून मागे फिरावं म्हणून."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"अगं, सबंध जथ्यात माझ्या एकट्याच्या जाकिटाला फुलांचा वास. आणि ती पाटी कुणी लिहिली?"

ती खुर्चीवर बसलीच. "मग बोलला का नाहीत?"

तो बुटाची नाडी बांधायला वाकला. चेहरा दिसत नव्हता म्हणून असेल, पण बोलला.

"चढ जमतो मला. पुढचा उतार आठवला की हात ब्रेकवरून निघत नाही. पडल्यापासून. आता त्या लोकांना काय सांगणार, कप्तान घाबरला? जाकीट गळतं म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. मला बरं पडत होतं ते."

"आणि गेल्या रविवारी?"

"त्या दातवाल्याने डिवचलं आणि मी चढलो. उतरलो कसा, ते माझं मला ठाऊक." तो उभा राहिला. जाकीट अजून हातातच होतं. "आता तू हे असं ठणठणीत करून दिलंस. आता काय सांगू?"

इतके महिने ती समजत होती की आपण नवऱ्याला मागे फिरवतो. नवरा तर आपणहून फिरत होता, तिच्या झाकणाआड लपून. तिला त्याची फार माया आली.

"माझं नाव सांगा," ती म्हणाली.

"तुझं?"

"बायको नाही म्हणते, असं सांगा."

"तू कधी नाही म्हणत नाहीस. सगळ्यांना सांगून ठेवलंय मी."

"तुम्ही सांगा तर."

तो खाली गेला. ती बाल्कनीत येऊन उभी राहिली. पिवळ्या खांद्यांवर थेंब पडत होते आणि पडल्या पडल्या निसटत होते.

"वा कप्तान," दातांचा डॉक्टर म्हणाला, "आज जाकीट झकास. म्हणजे खिंड पार."

"पायथ्यापर्यंत येतो," कप्तान म्हणाला. "वर नाही."

"का? आज तर जाकीट गळत नाही."

कप्तानाने तोंड उघडलं आणि तो तसाच थांबला. हातमोजा ओढला, घंटी उगीच वाजवून पाहिली. इतकी फुशारकी मारून ठेवलेली, आता ती गिळायची कशी, हे त्याला उमगत नव्हतं. सगळे त्याच्याकडे बघत होते.

ती कठड्यावर ओणवली.

"मी नाही म्हटलंय त्यांना," ती म्हणाली. सबंध गल्लीला ऐकू जाईल असं. "उतारावर जायचं नाही म्हणजे नाही. गेले, तर मी दार उघडणार नाही."

खालची हेल्मेटं एकदम वर वळली. मग कुणीतरी हसून कप्तानाच्या पाठीवर थाप मारली. "म्हणजे तुमच्याकडेही तेच?"

"काय करणार," कप्तान म्हणाला. "ऐकावं लागतं."

निघताना त्याने एकदा वर पाहिलं. जथा वळणाआड गेला तरी ती तिथेच उभी होती. दुकानाचं शटर उघडायला आलेली नणंद खालून म्हणाली, "वहिनी, आत जा, भिजतेस." तिने मान हलवली, पण हलली नाही.

पायथ्यापर्यंत जाऊन तो परत आला, तेव्हा तिचे केस अजून ओले होते. त्याने जाकीट काढलं आणि आतली बाजू तिच्यापुढे धरली. तिने बाहीत हात घालून पाहिलं. कोरडी होती.

त्याने खुंटीवरचा टॉवेल घेतला आणि तिच्या डोक्यावर टाकला.