कॅसेटमधला आवाज

भागवतने कॅसेटच्या पाठीतला शेवटचा स्क्रू काढला आणि प्लास्टिकची दोन टरफले अलग केली. आतली हिरवी पट्टी त्याने भिंगाखाली धरली. समोर बाकावर धुरपताबाई बसली होती. तिचा थोरला मुलगा सुदाम मात्र वारंगा फाट्यावरच्या भागवतच्या दुरुस्तीच्या दुकानाच्या दारातच उभा राहिला. आत यायला तयार नव्हता.

"दाखवा तिला एकदाचं," सुदाम म्हणाला. "नऊ वर्सांपासून एकच धरून बसली. सेवाचा आवाज हाय म्हन्ते त्यात."

सेवा म्हणजे धाकटा, सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यात बुडून गेलेला. ही त्याची व्हिडिओ गेमची कॅसेट. गाण्यांच्या कॅसेटचेच नाव या खेळाच्या डबीला पडले होते, आणि म्हातारी त्या नावाला फसली, हे भागवतने ऐकताक्षणी ताडले. त्याच्याकडे इलेक्ट्रॉनिक्सची पदविका होती, आणि पदविकेबरोबर लाभणारा तो खास बहिरेपणाही.

"हे पाहा मावशी." तो चिमट्याच्या टोकाने दाखवू लागला. "या दोन मोठ्या चिप. खेळ आणि चित्रं, कारखान्यातच भरलेली. ही तिसरी बारकी. खेळणारा कुठवर पोचला तेवढं लक्षात ठेवते, या सेलच्या जोरावर. बोलणं भरायची सोयच नाही यात. सेल तर संपतच आलाय. नवा टाकून देतो."

"टाका," सुदाम घाईने म्हणाला. "जुनं जाऊ द्या."

भागवतने सोल्डरिंगची तापलेली सळई सेलच्या पायाला टेकवली. कथील चकाकले, वितळू लागले.

"बोलनं कोन मागून राहिलं, दादा?" धुरपताबाई म्हणाली. "मी आवाज म्हनलं. त्या दिवशी तो जिथून खेळ सोडून उठला, तिथलं ते वाजनं. पहिलेपासून लावलं तर ते येत न्हाई."

भागवतचा हात थिजला. सेलचा पाय सुटला की तिसरी चिप क्षणात कोरी होणार होती, आणि पाय हलला होता. त्याने सळई झटक्यात बाजूला केली, पाय चिमट्याने दाबून धरला आणि कथील गोठेपर्यंत श्वास घेतला नाही. मग वायरीने दुसऱ्या सेलचा आधार दिला.

"हे आधी काहून सांगितलं न्हाई?" सुदाम ओरडला.

"सांगितलं. तुमाला समद्यांला हसू आलं."

कॅसेट जुन्या यंत्रात बसली. टीव्हीच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत एकच नाव उमटले: सेवा. भागवतने बटण दाबले. एक बुटका शिपाई मोडक्या पुलाशी येऊन थांबला आणि सूर वाजू लागला.

धुरपताबाईने कानावरचा पदर मागे सारला. सूर संपला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा संपला.

"बंद करा," सुदाम म्हणाला.

भागवतने धुरपताबाईकडे पाहिले.

"याडी," तो आईला म्हणाला, "बंद कर म्हन त्याला."

"काहून?"

सुदामने दाराची चौकट धरली. "याच्या पुढचं मला ठावं हाय. पवायला चल म्हून हाक मारली, ती मी."

"व्हय," पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली. "ती बी ऐकली व्हती मी."

मग ती बाकावर थोडी सरकली, आणि शेजारच्या रिकाम्या जागेवरची धूळ तिने हाताने झटकली.