उंबऱ्याबाहेरची बहीण

"तिघं मिळून उचलतो. तू नुसते आमच्या गळ्यात हात टाक, झिपार," तोक्तोश म्हणाला. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. त्याची बायको कुलुइपा, झिपारची थोरली बहीण, काल गेली.

"नको, दाजी."

"अगं, रजईपेक्षा हलकी आहेस तू."

"म्हणूनच नको. बेगिमायच्या लग्नात उचललंत, तेव्हा झगा गुडघ्यांवर गेला माझा. लोक नवरी बघायची सोडून मला बघत बसले."

तोक्तोशने मान खाली घातली. अंगणात नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा तंबू उभा होता. आत पडद्यामागे कुलुइपा निजली होती, आणि पडद्याअलीकडे घरच्या बायका ओळीने बसून शोक गात होत्या. लहानपणीच्या तापात झिपारचे पाय गेले. शाळा नदीपल्याड. कुलुइपा तिला पाठीवर घेऊन पाण्यात उतरायची. पुढे झिपार बाजारात रजया शिवू लागली, चाकांची खुर्ची आली, तिच्यावरून ती गावभर फिरली. आज तिला एवढंच हवं होतं : बहिणीसारखं त्या ओळीत बसावं, आक्काला रडून निरोप द्यावा. पण आत जावं ते आपलं आपण, गाठोड्यासारखं नाही.

तोक्तोशला फळी सुचली. त्याने ती आणून तंबूच्या उंच उंबऱ्यावर टेकवली. तोच दारातल्या उमसुन आजीने काठी आडवी घातली.

"उंबऱ्यावर पाय पडू द्यायचा नाही. घरात मयत असताना तर मुळीच नाही."

"पाय कुठाय, आजी? चाक आहे ते," तोक्तोश म्हणाला.

"मग तिचे पाय दुसरे कुठले? चाकंच ना?"

झिपारला राग यायला हवा होता. पण तिच्या चाकांना इतक्या सरळ पाय म्हणणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं.

"काढा ती फळी, दाजी," ती म्हणाली. "आजीचं बरोबर आहे. पाय तो पाय."

तिने खुर्ची वळवली आणि तंबूच्या कडेकडेने निघाली. ओल्या गवतात चाकं रुतत होती. ढकलायला धावलेल्यांना तिने हातानेच थांबवलं. शोक गाणाऱ्या बायका दाराकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसतात. मागच्या अंगाला, जिथे त्यांचे आवाज अगदी जवळ आले, तिथे ती थांबली. खरखरीत नमद्याला तिने कपाळ टेकलं. मधे बोटभर जाडीची लोकर, तिच्यापलीकडे सगळ्या जणी. तिने सूर धरला.

*तुझी पाठ माझी घोडी, तुझ्या वेण्यांचा लगाम,*
*कुण्या डोंगरापल्याड केलास गं तू मुक्काम?*

आतलं गाणं थांबलं. मग कुलुइपाच्या लेकीचा, बेगिमायचा कापरा आवाज उठला, मावशीची ओळ तिने उचलली, आणि तिच्यामागून बाकीच्यांनी. थोड्या वेळाने कुणीतरी आतून दोरी सोडली. नमदा खालून गुंडाळत वर गेला. लाकडी जाळीच्या चौकटींतून रडवेले चेहरे दिसले. बेगिमायची बोटं जाळीतून बाहेर आली आणि झिपारच्या बाहीला धरून राहिली.

परगावच्या बायका येऊ लागल्या. रीतीप्रमाणे त्या ओळीतल्या एकेकीच्या गळ्यात पडून रडत, आणि शेवटच्या बाईपाशी पोचल्यावर जाळीपलीकडे बघून थबकत.

उमसुन आजी काठी टेकत तंबूला वळसा घालून आली. वाकून तिने झिपारला मिठी मारली, पुष्कळ वेळ सोडली नाही. डोळे पुसत म्हणाली, "जरा मोठ्याने रड. आतल्या पोरींना तुझ्याशिवाय सूर सापडत नाहीये."

तिच्यामागून मग परगावची एक आली, दुसरी आली.

दुपारी कुलुइपाला नेलं, तेव्हा दारापासून झिपारच्या खुर्चीपर्यंत गवतात वाट पडली होती.